बिनसाक्षीचा टोला

गोल्फ हा खेळ कळंबला मी आणला असं आमच्या गल्लीत अजून म्हणतात. साफ खोटं आहे. गोवर येतो तसा तो आला, आणि तहसील कचेरीत साहेबांच्या दाराला सगळ्यात जवळचं टेबल माझं असल्यामुळं पहिल्यांदा मला लागला.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, साखर मिळेना. अशा दिवसांत सिकंदराबादेहून बदलून आलेले आमचे नवे तहसीलदार मुनवर हुसेन साहेब बरोबर काय घेऊन आले, तर कातड्याच्या लांबड्या पिशवीत लोखंडी तोंडाच्या काठ्या, थोडे पांढरे चेंडू आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक. चेंडू हरवला तर लढाई संपेपर्यंत दुसरा मिळणार नव्हता, म्हणून ते रात्री तिजोरीत ठेवले जात. पुस्तक मात्र साहेबांच्या उशाशी असे.

मी पेशकार. म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवायचा, साहेब बोलतील ते लिहायचं आणि साहेब बोलणार नाहीत तेही ओळखायचं. नोकरीच्या अर्जात मी हौसेनं 'इंग्रजी वाचता येते' असं लिहिलं होतं. माणसानं अर्जात जपून लिहावं.

"पेशकार साब," साहेब म्हणाले, "गोल्फ अकेला खेल सकते, मगर अपना हिसाब अपने हाथ से नहीं लिख सकते. दूसरा आदमी होना. कल सुबह से आप."

घरी ही बातमी मी जरा ऐटीत सांगितली. आमच्या उमाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या वयात काठी घेऊन चेंडूमागं पळणार?"

"पळायचं नसतं. चालायचं असतं."

"मग चेंडू कशाला? नुसतं चाला की."

या प्रश्नाचं उत्तर मी त्या पुस्तकात नंतर पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

जागा ठरली गावाबाहेरच्या गायरानाची, मांजरा नदीच्या अंगाला. दुसरा एखादा तहसीलदार असता तर सरळ खुंट्या ठोकून मोकळा झाला असता. आमच्या साहेबांनी मात्र गायरान वापरायच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज केला. अर्जदार मुनवर हुसेन, आणि अर्ज कुणाला, तर तहसीलदार, कळंब यांना! तो अर्ज मीच त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि 'खेळाची व्याख्या जोडलेली नाही' असा शेरा मारून स्वतःलाच परत केला. मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस वेगळा आहे, आणि आपलं काही खरं नाही.

व्याख्या जोडून अर्ज मंजूर झाला, मग पोलीस अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, आडवा आला. चार माणसं हातात काठ्या घेऊन गावाबाहेर जमणार, म्हणजे त्याला काळजी. त्याची समजूत काढली तर तो निशाणांवर अडला. खड्डा लांबून दिसावा म्हणून काठीला फडकं लावावं लागतं. कुठल्या रंगाचं? पिवळा संस्थानच्या झेंड्याचा रंग, तो खड्ड्यात खोचला तर बेअदबी. तिरंग्याचं नावच नको. भगवा नको, लाल तर नकोच नको. हिरवा लावला तर कुणीतरी तिथं ऊद जाळून बसायचं, आणि पांढरा लावला तर सरकार लढाईत शरण गेलं अशी बोंब व्हायची. शेवटी उमाबाईंचं वांगी रंगाचं लुगडं फाडलं. वांगी रंगाचा पक्ष तेव्हा मुलखात कुठं निघालेला नव्हता. त्या लुगड्यावरून मला घरात जे ऐकावं लागलं ते कुठल्याही पक्षाला ऐकावं लागलं नसेल.

पुस्तकात म्हटलं होतं की खड्ड्याभोवती हिरवळ पाहिजे. उन्हाळ्यात कळंबच्या गायरानात हिरवं म्हणजे बाभळीचा पाला, तोही शेळ्यांनी ठेवला तर. तोडगा सारजाबाईनं काढला. ही म्हातारी गायरानात शेण गोळा करून गोवऱ्या थापायची. तिनं प्रत्येक खड्ड्याभोवती खळ्यासारखं गोल सारवून दिलं, असं चोपडं की चेंडू सरसर जावा. वर कडेनं रांगोळीही घातली. पहिल्याच दिवशी साहेब बूट घालून त्यावर पाय ठेवणार तोच ती ओरडली, "ओ सायेब! पायतान काडा! सारवलंय न्हवं!"

या माणसापुढं पाटील-पटवारी कमरेत वाकायचे. साहेबांनी क्षणभर विचार केला, पुस्तक चाळलं, आणि बूट काढले. "किताब में इसके खिलाफ कुछ नहीं," म्हणाले. तेव्हापासून कळंबच्या गोल्फात खड्ड्याजवळ सगळे अनवाणी.

नियम असे एकेक समजत गेले. कमीत कमी टोल्यांत चेंडू खड्ड्यात घालील तो जिंकला. चेंडू जिथं पडला तिथूनच मारायचा, हलवायचा नाही; चुकून हलला तरी एक टोला दंड. सुकी गोवरी वाटेत आली तर उचलून बाजूला ठेवता येते. पण शेणाचा ओला पो? तो सुटा धरायचा की जमिनीचा भाग? या मुद्द्यावर साहेब आणि मी दिवस मावळेपर्यंत खल केला. दोन सुशिक्षित माणसं पोभोवती उकिडवी बसून इंग्रजी वाचतायत हे पाहून बैलगाड्या थांबत होत्या. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीतली इज्जत त्या एका संध्याकाळी धुपून गेली.

आता आणखी दोन खेळणाऱ्यांविषयी सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

येरमाळ्याच्या जनावरांच्या बाजाराचे चौधरी वारले होते. चौधरी म्हणजे कोण, तर सौदा झाल्यावर घेणारा-देणारा भांडले की हा जे बोलेल ते शेवटचं. तो नेमायचा तहसीलदारानं. जागेवर दोन दलालांचा डोळा होता. एक गुंडाप्पा. दुसरा आमचा शेजारी महालिंगप्पा. गेलेले चौधरी महालिंगप्पाचेच वडील. बाजारात ज्या चौथऱ्यावर म्हातारा बसायचा तो रिकामा बघवत नाही म्हणून महालिंगप्पा दर बाजारी तिकडं पाठ करून उभा राहायचा. मला हे ठाऊक होतं, आणि तो दिसला की मला वाईट वाटे. साहेबांना खेळायला माणसं हवीत हे कळल्यावर दोघंही एकाच पहाटे गायरानात हजर! साहेब म्हणाले, "खेल अलग, कचेरी अलग." यावर विश्वास ठेवणारे कळंबात साहेब एकटेच.

पहिला खड्डा झाल्यावर साहेबांनी मोठ्यानं विचारलं, "कितने हुए?" महालिंगप्पा लाजला. बाजारात आकडा तोंडानं बोलत नसतात. तो माझ्याजवळ आला, माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून माझी बोटं दाबली, बैलाचा सौदा करतात तशी. मला समजलं, नऊ. मी लिहिलं.

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "लिवलं बी? आवो पेशकारसायेब, तुमी कायच बोलला न्हाय!"

"काय बोलायचं?"

"म्या नऊ म्हनलो. तुमी सात म्हनायचं. म्या उठून जायाचं सोंग करायचं. मंग आठावर तोडायचं!"

मी त्याला समजावलं की बाबा, जितके टोले मारले तितकेच लिहायचे असतात, इथं घासाघीस नाही. तो दुसऱ्या खड्ड्यापर्यंत खाली मान घालून चालला.

"घासाघीस न्हाय?"

"नाही."

"आन मारताना बगायला बी कुनी न्हाय?"

"नाही. ज्याचं त्यानं सांगायचं."

"मंग ते आठ करा. आठच व्हते. नऊ म्हनलो ते घासाघिशीसाठी."

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके खूष झाले की उपरण्याचा कायदाच करून टाकला. आकडा सांगायचा असतो एवढंच पुस्तकात आहे, कसा सांगायचा ते नाही. मग आम्ही चौघंही उपरण्याखाली हात घालू लागलो. लांबून बघणाऱ्यांना वाटायचं, तहसीलदारसाहेब बैलजोडी घेतायत.

त्यावर महालिंगप्पानं साहेबांना एक गोष्ट सांगितली. "सायेब, बाजारात आमी लई खोटं बोलतो. बैलाचं वय चोरतो, खोड लपवतो. घेनाऱ्याला बी ते म्हाईत असतंय. पर उपरन्याखाली आकडा पक्का झाला की झाला. कागद न्हाय, साक्षी न्हाय. त्यातनं जो फिरला त्याच्या हातात पुन्ना कुनी हात देत न्हाय."

"यही तो गोल्फ है, महालिंगप्पा!" साहेब म्हणाले. मी एवढं सगळं पुस्तक तोंडपाठ केलं होतं, पण मला असं कधी म्हणाले नाहीत. जरा लागलं मनाला.

गुंडाप्पाचा गोल्फ निराळा होता. साहेबांचा चेंडू काट्यात गेला की त्याचा नाल्यात जायचा. साहेबांची काठी नुसतीच हवेत फिरली तरी हा डोळे मिटून "वा हुजूर! काय हात हाय!" म्हणायचा. साहेबांची कानशिलं लाल व्हायची. "हमको हारना मंजूर है," ते मला खासगीत म्हणाले, "ये खैरात मंजूर नहीं."

गावाला मात्र गुंडाप्पाचीच रीत पटत होती. महालिंगप्पा बरा खेळू लागला होता आणि हीच गल्लीला काळजी. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सल्ल्यांचा बाजार भरायचा. पेन्शनीत निघालेले शंकरप्पा पटवारी मांडी घालून सांगायचे, "घोड्याच्या मागनं आन् सायबाच्या पुढनं जाऊ नये. हर, महालिंगप्पा, हर. बापाची गादी पायजे ना?" आमच्या उमाबाईंनीही दाराआडून सुचवलं की सगळाच नाही, एखादा खड्डा हरावा.

महालिंगप्पा तंबाखू मळत ऐकायचा. एकदा हळूच म्हणाला, "हरायचं ठरवून हरलो, तर त्यो आकडा खोटाच की. मंग बापाच्या चौथऱ्यावर बसून काय सांगू लोकास्नी?" शंकरप्पा पटवाऱ्यांनी कपाळावर हात मारला.

शेवटी तो शुक्रवार आला. संस्थानात शुक्रवारची कचेरीला सुट्टी, दुसऱ्या दिवशी चौधरकीचा निकाल, आणि बांधावर अर्धं कळंब. चिवडेवालाही आला होता. गुंडाप्पानं दुसऱ्याच खड्ड्यावर चेंडू नाल्यात घालून हात जोडले. मी चौथ्यावर बाभळीत अडकलो आणि बाहेर आलो तेव्हा मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक हसले. माझ्या कचेरीतला चपराशी चाँदपाशा हसला, हे मी विसरलेलो नाही.

शेवटच्या खड्ड्यावर साहेब आणि महालिंगप्पा बरोबरीत. साहेबांनी पाच टोल्यांत चेंडू आत घातला. महालिंगप्पाचा चेंडू मोठ्या बाभळीपलीकडं गेलेला. त्याचा हिशेब लिहायचा म्हणून मी अनवाणीच मागं निघालो, तर तळपायात काटा असा घुसला की खालीच बसलो. मी तो काढतोय तोवर बाभळीआडून ठक्‌ असा आवाज आला, चेंडू थेट सारवणावर, आणि पुढच्या टोल्याला खड्ड्यात. मी मोजले. पाच. बरोबरी! बांधावर टोप्या उडाल्या.

महालिंगप्पा आला, उपरणं टाकलं, बोटं दाबली. सहा.

मला वाटलं जुनी खोड. "अहो, घासाघीस नाही म्हणून सांगितलंय ना? पाच!"

"सहा," तो मोठ्यानं म्हणाला. "बाभळीमागं काठी टेकवताना धोतराचा सोगा लागला. चेंडू हलला. येक टोला दंड."

म्हणजे साहेब एकानं जिंकले! मग गुंडाप्पानं महालिंगप्पाची पाठ थोपटली. "मानलं बाबा तुला! आमी महिनाभर चेंडू पान्यात बुडवून मेलो, आन् तू येका सोग्यात काम केलंस!"

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मुझे जिताने के वास्ते?" त्यांचा आवाज चिरका झाला. "तुम भी? खुशामदी आदमी को मैं चौधरी नहीं बनाता. पेशकार साब, आपने देखा गेंद हिलते?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी एका पायावर उभा होतो. "हुजूर... मी काटा काढत होतो."

महालिंगप्पाचे कान लाल झाले. माझा जीव तीळतीळ तुटला. जन्मात कधी नाही ते मी डोळे उघडे ठेवायला हवे होते, आणि नेमका तेव्हाच मी माझ्या तळपायाकडं बघत बसलो होतो.

तेवढ्यात बाभळीकडून शेणाची पाटी घेऊन सारजाबाई आली. "हलला की वो! म्या बगितला. सोगा लागला, आन् इतकुसा हलला."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "अल्हम्दुलिल्लाह! गवाह मिल गया. महालिंगप्पा, तुम सच्चे. चौधरकी तुम्हारी!"

"नको," महालिंगप्पा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बांधावरून शंकरप्पा पटवारी किंचाळले, "आरं घे की, येड्या!"

"नको मला. म्या सांगितलं तवा खोटं, आन् सारजाबाईनं सांगितलं तवा खरं? मंग तिलाच करा चौधरी."

"नगं बया," सारजाबाई म्हणाली. "गोवऱ्या कोन थापंल?"

"बाजारात दोघं भांडत आले की म्या येकटाच बोलनार, सायेब. तवा माझ्यामागं सारजाबाई हुबी ऱ्हानार हाय का? माझ्या बापाच्या मागं कोन हुबं व्हतं?" बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "साक्षीवर मिळालेली चौधरकी मला नको!"

साहेब सारजाबाईकडं वळून अगदी नरमाईनं म्हणाले, "बाई, तुम कुछ नहीं देखे. समझे?"

"देखे की!"

"नहीं देखे."

"आवो सायेब, म्हातारपनी खोटं बोलाया लावता व्हय मला?"

अशी अवस्था मी कुठल्याच कोर्टात पाहिली नाही. हाकिम साक्षीदाराला विनवतोय की तू काही पाहिलं नाहीस म्हण, आणि साक्षीदार हटत नाही. एकीकडं महालिंगप्पा, दुसरीकडं ती. खोटं बोलायला कुणी तयारच नाही, त्यामुळं सरकारचं काम अडलं.

"एक होल और," साहेब म्हणाले.

मी पुढं झालो. "हुजूर, सामना संपल्यावर असं खेळायची तरतूद पुस्तकात..."

"किताब बंद, पेशकार साब." स्वतःचाच अर्ज स्वतःला परत करणारा तो माणूस! मी पुस्तक बंद केलं. "सब लोग नदी की तरफ मुँह करके बैठ जाओ. कोई पीछे नहीं देखेगा. अमीन भी नहीं. आप भी नहीं."

हिशेब लिहिणाऱ्यानंच पाठ फिरवून बसायचं! पण बसलो. सगळं कळंब मांजरेकडं तोंड करून बसलं. सारजाबाईची मान सारखी वळायला लागली, तेव्हा आमच्या उमाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "आजी, समोर बघा," म्हणत त्यांनी तिचा पदर धरून ठेवला. मागून ठक्‌ आवाज आला. पुन्हा एकदा ठक्‌. मग बाभळीपलीकडं सगळं शांत. कोण कुठं आहे, किती झाले, काही कळेना. गुंडाप्पा माझ्या कानाशी पुटपुटला, "ह्या खेपेला नक्की हरतोय बगा. शाना झाला असंल आता." मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मी मनातून येडाई देवीला तसा नवसही बोललो होतो.

"घूम जाओ," साहेबांचा आवाज आला.

दोघं सारवणाच्या कडेला अनवाणी उभे होते. मी कागद घेऊन लंगडत पुढं गेलो. साहेब म्हणाले, "मेरे पाँच."

मी महालिंगप्पापुढं हात केला. त्यानं उपरणं टाकलं नाही.

"चार," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

गुंडाप्पानं डोक्याला हात लावला. तहसीलदाराला हरवलं असं सगळ्या गावासमोर सांगतोय, आणि साक्षीला चिमणी नाही! मी साहेबांकडं पाहिलं. निदान त्यांनी तरी पाहिलं असेल.

"हुजूर, यांचे चार? आपण पाहिलेत?"

"नहीं," साहेब म्हणाले. "वो मार रहे थे तब मैं भी पीठ फेर के खड़ा था. वो चार बोले ना? चार लिखिए. और चौधरकी का हुक्म भी आज ही लिखिए, छुट्टी है तो रहने दो."

महालिंगप्पानं तोंड उपरण्यात खुपसलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. साहेब त्याच्या शेजारी नुसते उभे राहिले, हातात बूट धरून. मी चार लिहिलं. कचेरीत इतकी वर्षं मी आकडे लिहिले, एकेकाला दोन-दोन साक्षी आणि वर मोहोर; पण एवढा खरा आकडा माझ्या हातून कधी लिहिला गेला नव्हता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चाँदपाशा जवळ येऊन काय झालं म्हणून विचारू लागला, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो, की दिसत नाही का, काटा अजून पायात आहे.